जुन्या मोटारीचे इंजिन कोणाच्या हाती द्यावे?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, आणि पुढे पद्मिनी, ज्या घरांत आली तेथे ती बहुधा घरच्या माणसासारखीच वावरली. तिचे उत्पादन थांबून आता वीसांहून अधिक वर्षे लोटली. अशी मोटार धूर सोडू लागली, तेल पिऊ लागली, की राळेगावच्या गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो : इंजिन यवतमाळला न्यावे, वर्ध्यास की नागपुरास? आमच्या मते प्रश्न गावाचा नाही. मोजणाऱ्या हाताचा आहे.

या कापसाच्या मुलखात बोअरिंगवाल्यांपुढे ट्रॅक्टरांचे काम फार. पुष्कळ ट्रॅक्टरांत झिजलेला लायनर काढून नवा घालता येतो. पद्मिनी व अँबॅसडर यांचे सिलिंडर मात्र ब्लॉकाच्या बिडातच कोरलेले असतात. तेथून एकदा काढलेला धातू परत येत नाही. पुढे स्लीव्ह बसविता येते खरी, पण तो दुसरा खर्च होय.

सबब काम सोपविण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, 'पिस्टन आणले काय?' असे कारागीर आपण होऊन विचारतो का? मोठ्या मापाचे पिस्टन ठराविक पायऱ्यांनीच मिळतात. हाती आलेला पिस्टन मोजून मगच बोअर करावयाचे असते. आधी बोअर करून मागाहून पिस्टन शोधावयास सांगणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. दुसरी, प्रत्येक सिलिंडर तो वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी मोजतो का? वरची रिंग जेथून परतते त्या जागी झीज सर्वांत अधिक होते, आणि गोल भोक लांबट बनते. हा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे. नुसते बोट फिरवून तो कळत नाही. तिसरी, ही मापे, तसेच क्रँक घासल्यास तिचे माप, तो कागदावर लिहून देतो का? चौथी, होनिंगनंतर सिलिंडर साबणाच्या कढत पाण्याने धुतो का? नुसत्या रॉकेलने कुरुंदाचे बारीक कण पुरते निघत नाहीत, आणि ते राहिले तर नव्या रिंगा अल्पावधीत झिजतात. पांढरे फडके आतून फिरवावे. ते काळे निघाले तर धुणे अपुरे समजावे.

दराची घासाघीस यानंतर करावी. आणि एखादा कारागीर मापे समोर ठेवून म्हणाला, 'बोअरची गरज नाही, रिंगांवर भागेल,' तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. स्वतःची मजुरी कमी करून खरे सांगणाऱ्याच्या हाती वडिलांची मोटार निर्धास्तपणे द्यावी.