गोंदणाचा हिशेब

मराठवाड्याला गोंदण नवे नाही. बीड, परळी, अंबाजोगाई परिसरात जुन्या पिढीतील स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व मनगटावर हिरवट ठिपके आजही दिसतात. जत्रेत बसणारी गोंदणारीण काजळीत बुडवलेल्या त्याच सुयांनी दिवसभर कित्येकांना गोंदीत असे. आता सुयांच्या जागी विजेवरचे यंत्र आले आणि जत्रेच्या जागी ब्यूटी पार्लर. भुवया दाट करणे, ओठांना कायमची लाली देणे, पापणीच्या कडेला काजळरेघ ओढणे यांस कोणी गोंदण म्हणत नाही, ‘परमनंट मेकअप’ म्हणतात. क्रिया मात्र तीच. सुई त्वचेचा वरचा थर भेदते आणि रंग आत ठेवून बाहेर येते.

चातुर्मास संपून लग्नसराई जवळ आली की मोंढ्यातील घरांत हा विषय निघतो, आणि दर वेळी तो हौसेपोटीच निघतो असे नाही. उपवर मुलीच्या ओठावर कोडाचा लहानसा पांढरा डाग असतो, स्थळ मनाजोगे असते आणि कोणीतरी सुचवते की रंग भरून घेतला म्हणजे प्रश्न मिटला. सुचवणारा अगदीच चुकीचे सांगत नाही. कोडाच्या डागात त्वचेशी मिळता रंग भरण्याची पद्धत वैद्यकशास्त्राला मान्य आहे. औषधांना सहज दाद न देणाऱ्या ओठांच्या डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात. परंतु डाग सुमारे वर्षभर वाढलेला नसावा, नवा उमटलेला नसावा, अशी त्यांची अट असते. कोड पसरत असताना त्वचेला इजा झाली तर त्याच जागी नवा डाग उठू शकतो. या प्रकाराला कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाचे नाव आहे. यंत्राची सुई तर शेकडो बारीक इजा करते. मुहूर्त महिन्यावर आला असता पार्लर गाठणाऱ्याला हे सांगणार कोण?

ओठांची आणखी एक अडचण आहे. ज्यांना ओठावर वारंवार पुरळाचे फोड येतात, त्यांच्यात सुप्त असलेला हर्पिसचा विषाणू सुईने जागा होतो आणि फोड बरे होताना भरलेला रंगही घेऊन जातात. म्हणून डॉक्टर आधीच विषाणूरोधक गोळ्या देतात. शिवाय रंग जुळला तरी तो तसाच राहत नाही. बीडच्या उन्हात चेहरा रापतो, भरलेला रंग रापत नाही. काही वर्षांत तो फिकट किंवा निळसर होतो. सासरी न सांगता झाकलेला डाग मग अशा वेळी उघडा पडतो की खुलासा करणे अधिक कठीण व्हावे. स्थळ ठरतानाच सांगितलेले बरे, कोड संसर्गजन्य नाही हेही त्याच बैठकीत सांगता येते.

सुईतून जे पसरते ते याहून गंभीर आहे. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. कावीळ क ला तर लसही नाही, आणि यकृत निकामी होईपर्यंत वीस-वीस वर्षे तिचा पत्ता लागत नाही. महावीर जन्मकल्याणकाच्या रक्तदान शिबिरात गोंदवून घेतलेल्या तरुणाला वर्षभर परत पाठवतात ते याचमुळे. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

रंगांचेही पाहावे. लाल रंगाची ॲलर्जी सर्वाधिक आढळते आणि ती कित्येक महिन्यांनीही उद्भवते. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. काही काळ्या शाईत जाळलेल्या हाडांची पूड, तर काहींत प्राणिज ग्लिसरीन असते. खाण्याच्या पाकिटावरील हिरवा ठिपका तपासणाऱ्या घरांनी ही बाटलीही एकदा उलटून वाचावी.

पुसण्याचा खर्च करण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. लेसरच्या अनेक बैठका लागतात. ओठ-भुवयांच्या रंगांत लोहाचे वा टिटॅनियमचे ऑक्साइड असेल, तर लेसरने तो रंग पुसण्याऐवजी काळा पडण्याची शक्यता असते.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. डाग स्थिर आहे की वाढता, हे त्वचारोगतज्ज्ञाला तेथील बाह्यरुग्ण विभागात विचारता येईल. कोठेही सुई लावून घेण्याआधी कावीळ ब ची लस घेतलेली असावी. तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने व तिसरा सहा महिन्यांनी. मार्गशीर्षात लग्न असेल, तर पहिला डोस ज्येष्ठातच घ्यावा लागेल.