तहातली गळालेली ओळ

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या काठी लिमरिक नावाचे शहर आहे. तेथे थॉमंड पुलाजवळ, १८६५ मध्ये बांधलेल्या एका चौथऱ्यावर, चुनखडीचा एक ओबडधोबड दगड ठेवलेला आहे. घोड्यावर चढताना पाय टेकवायला एकेकाळी त्याचा उपयोग होत असे. ३ ऑक्टोबर १६९१ रोजी याच दगडावर कागद ठेवून लिमरिकच्या तहावर सह्या झाल्या, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. जिंकलेल्या लढाईची स्मारके जगभर आहेत. पण मोडलेल्या तहाचे स्मारक जपणारे आणि ‘मोडलेल्या तहाचे शहर’ हे नाव मिरवणारे गाव विरळाच.

त्या तहावर आयरिश बाजूने सही करणाऱ्यांत पॅट्रिक सार्सफील्ड, लूकनचा अर्ल, हा प्रमुख होता. आपल्या शालेय इतिहासात हा माणूस भेटत नाही. इंग्लंडच्या ‘वैभवशाली क्रांती’चा धडा आपण वाचतो, १६८८ साली रक्त न सांडता राजा बदलला, पार्लमेंट श्रेष्ठ ठरले, एवढे लक्षात ठेवतो. ते न सांडलेले रक्त पुढची तीन वर्षे शेजारच्या बेटावर सांडत होते, हे मात्र धड्यात नसते. सार्सफील्डची कहाणी ही त्या वगळलेल्या पानांची कहाणी आहे.

डब्लिनजवळचे लूकन हे त्याच्या घराण्याचे गाव. १६५० नंतरच्या दशकात तो जन्मला. वडिलांकडून तो आयर्लंडमध्ये कित्येक पिढ्यांपूर्वी स्थायिक झालेल्या इंग्रज वंशाच्या कॅथलिक घराण्यातला, तर आईकडून थेट गेलिक सरदारांच्या रक्ताचा. १६४१ चा उठाव रचणाऱ्यांपैकी रोरी ओमोर हा त्याच्या आईचा पिता. धाकट्या मुलाने तलवार धरायची, हा सरदार घराण्यांचा रिवाज. पण कॅथलिक तरुणाला राजाच्या सैन्यात बढतीची वाट अरुंद होती. म्हणून तो फ्रान्सच्या नोकरीतल्या एका इंग्रज पलटणीत दाखल झाला. ती पलटण राजपुत्र मॉन्मथची. पुढे १६८५ मध्ये याच मॉन्मथने कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड केले, तेव्हा सेजमूरच्या रणात सार्सफील्ड राजाच्या बाजूने आपल्या जुन्या सेनापतीशी लढला आणि जखमी झाला. राजनिष्ठा हा त्याच्यापुरता सरळ मामला होता.

तीनच वर्षांनी हॉलंडहून ऑरेंजचा विल्यम इंग्लंडात उतरला आणि जेम्सने फ्रान्स गाठले. मार्च १६८९ मध्ये तो फ्रेंच मदत घेऊन आयर्लंडच्या किन्सेल बंदरात उतरला. सार्सफील्ड त्याच्याबरोबर होता. आयर्लंडच्या बहुसंख्य कॅथलिकांना जेम्सवर फार प्रेम होते असे नाही. गेलेल्या जमिनी आणि गेलेला मान परत मिळण्याची ती शेवटची संधी होती. जुलै १६९० मध्ये बॉइन नदीवर विल्यमने जेम्सचा पराभव केला. सैन्य बरेचसे शाबूत होते, पण राजाचा धीर सुटला. तो पुन्हा फ्रान्सला निघून गेला. आपल्या प्रजेला लढत ठेवून राजा निघून गेला, ही गोष्ट आयरिश लोक आजही विसरलेले नाहीत.

उरलेल्या सैन्याने लिमरिकच्या तटाआड आश्रय घेतला. तट इतका जुनाट की भाजलेल्या सफरचंदांनी मारले तरी तो पडेल, असे फ्रेंच सेनापती लोझँ म्हणाल्याचे सांगतात. ऑगस्टमध्ये विल्यम शहरापुढे येऊन बसला. त्याच्या मोठ्या तोफा आणि दारूगोळा मागून गाड्यांवरून येत होता. ही बातमी लागताच सार्सफील्ड सुमारे पाचशे स्वार घेऊन रात्रीच बाहेर पडला. गॅलपिंग होगन नावाचा, डोंगरात दबा धरून राहणारा एक बंडखोर वाटाड्या होता. उत्तरेकडून वळसा घालून, किलालूजवळ शॅनन ओलांडून, दिवसभर डोंगरात लपून दुसऱ्या रात्री हे स्वार बॅलिनीटीच्या तळावर तुटून पडले. त्या रात्री शत्रूच्या तळावर परवलीचा शब्द ‘सार्सफील्ड’ हाच होता आणि पहारेकऱ्याला तोच शब्द सांगून सार्सफील्ड आत शिरला, अशी लोककथा आहे. तोफांत दारू ठासून, त्यांची तोंडे जमिनीत रोवून साऱ्या गाड्या उडवून देण्यात आल्या.

लोककथा म्हणते तशा सगळ्याच तोफा त्या रात्री कायमच्या निकामी झाल्या नव्हत्या. पण दारूगोळा गेला आणि त्याहून मोलाचे दिवस गेले. २७ ऑगस्टला विल्यमच्या सैन्याने तटाच्या खिंडारातून चढाई केली, तेव्हा शहराने ती परतवली. या लढाईत लिमरिकच्या बायका पुढे आल्या. दगड आणि फुटक्या बाटल्यांनी त्यांनी शिपायांना मागे रेटले. पावसाळी हवा आली आणि विल्यमने वेढा उठवला. या बायका वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

१६९१ साली जेम्सने परदेशातून सार्सफील्डला लूकनचा अर्ल केले. किताब मिळाला, पण सेनापतिपद मिळाले नाही. ते सँ रूथ या फ्रेंच सरदाराकडे गेले. जूनच्या अखेरीस अ‍ॅथलोन पडले. १२ जुलैला ऑक्रिमच्या मैदानात लढाई रंगात असतानाच तोफेच्या गोळ्याने सँ रूथचे शिर उडाले. सार्सफील्ड राखीव घोडदळ घेऊन मागे उभा होता आणि लढाईचा बेत त्याला कुणी सांगितलेलाच नव्हता. हजारो आयरिश त्या दिवशी पडले. पळणाऱ्यांना पाठीशी घालून मागे आणणे एवढेच त्याच्या हाती उरले. ऑगस्टमध्ये लिमरिकला पुन्हा वेढा पडला.

आता प्रश्न शौर्याचा राहिला नव्हता. विल्यमचा डच सेनापती गिंकेल यालाही युद्ध लवकर संपवायचे होते, कारण ते सैन्य युरोपात फ्रान्सविरुद्ध हवे होते. सार्सफील्डने ते ओळखले आणि बोलणी सुरू केली. तहाचे दोन भाग झाले. पहिला सैनिकी: ज्यांना फ्रान्सला जायचे त्यांना शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह जाऊ द्यायचे आणि जहाजे इंग्रजांनी पुरवायची. दुसरा मुलकी: मागे राहणाऱ्या कॅथलिकांना दुसऱ्या चार्ल्सच्या काळी होते तेवढे धर्मस्वातंत्र्य राहील आणि अजून लढत असलेल्या सैन्याला व त्याच्या ताब्यातल्या परगण्यांतील लोकांना त्यांच्या जमिनी राखता येतील.

येथेच ती प्रसिद्ध ओळ येते. त्या परगण्यांत सैन्याच्या आश्रयाला असलेल्या सर्वांना हे संरक्षण लागू, अशा अर्थाचे शब्द मसुद्यात होते; सहीच्या स्वच्छ नकलेत ते उतरलेच नाहीत. वर्तमानपत्राच्या धंद्यात ओळ गळणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्ती छापून आम्ही मोकळे होतो. लिमरिकच्या कागदात गळालेल्या ओळीत माणसांची घरे-शेते होती. सार्सफील्डच्या बाजूने तक्रार केली आणि विल्यमने १६९२ मध्ये तहाला मान्यता देताना ती ओळ पुन्हा घातली, हे त्याच्याबद्दल नमूद करायला हवे. पण १६९७ मध्ये डब्लिनच्या प्रॉटेस्टंट पार्लमेंटने तहाला मंजुरी दिली, तेव्हा ती ओळ पुन्हा वगळली. पहिल्यांदा ती कारकुनाच्या हातून गळाली असेल. दुसऱ्यांदा ती गाळली गेली.

तहावर सह्या होऊन काही आठवडेही झाले नव्हते, तोच शॅननच्या मुखाशी फ्रेंच आरमार येऊन ठेपले. ज्या मदतीची वर्षभर वाट पाहिली ती आली, पण उशिरा. किल्ल्याचा काही भाग शत्रूच्या ताब्यात गेला होता, तरी तह झुगारून पुन्हा लढावे असे म्हणणारे काही कमी नसणार. सार्सफील्डने शब्द मोडला नाही. त्याच फ्रेंच जहाजांतून काही हजार आयरिश सैनिक देश सोडून गेले. बाकीच्यांनी कॉर्क बंदराची वाट धरली. एकूण सुमारे चौदा हजार सैनिक आणि त्यांच्या मागोमाग हजारो बायका-मुले. या निर्गमनाला आयरिश इतिहासात ‘रानहंसांचे उड्डाण’ असे काव्यमय नाव आहे.

कॉर्कच्या धक्क्यावर मात्र काव्य नव्हते. कुटुंबांना बरोबर नेऊ, असे आश्वासन सार्सफील्डने आपल्या शिपायांना दिले होते. त्या भरवशावर कित्येकांनी नाव नोंदवले होते. जहाजांत तेवढी जागा नव्हती. पुरुष आधी चढले आणि जहाजे निघाली. मागे राहिलेल्या बायका होड्यांच्या दोरांना लोंबकळल्या, काही पाण्यात ओढल्या गेल्या, बुडाल्या, असे वर्णन इतिहासकारांनी केले आहे. आदल्या वर्षी खिंडारात उभे राहून बाटल्या फेकणाऱ्या बायकांपैकी कितीजणी त्या धक्क्यावर होत्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले ते कायद्याच्या पुस्तकांत आहे. १६९५ मध्ये कॅथलिकांना शस्त्र बाळगायला, पाच पौंडांहून मोलाचा घोडा ठेवायला आणि मुले परदेशी शिकायला पाठवायला बंदी झाली. १६९७ मध्ये बिशपांना हद्दपार करण्यात आले. १७०४ च्या कायद्याने बापाची जमीन सर्व मुलांत तुकडे करून वाटली जाऊ लागली. थोरल्याने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तर सारी त्याला. भावाला भावाविरुद्ध उभे करणारा याहून सोपा उपाय नसेल. १६८८ साली आयर्लंडची सुमारे २२ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १७०३ मध्ये ती सुमारे १४ टक्के उरली. तहातला सैनिकी भाग बहुतांशी पाळला गेला, कारण शस्त्रधारी माणसे देशाबाहेर जाणे जेत्याच्याही सोयीचे होते. मुलकी भाग मोडला गेला, कारण तो पाळायला लावणारे देशात उरलेच नव्हते.

सार्सफील्डने हे पाहिले नाही. २९ जुलै १६९३ रोजी बेल्जियममधल्या लांडेनच्या लढाईत, फ्रेंचांच्या विजयाच्या क्षणी, त्याला गोळी लागली. काही दिवसांनी हुई या गावी तो मरण पावला. वय चाळिशीच्या आत. आपल्या जखमेतून वाहणारे रक्त पाहून, हे आयर्लंडसाठी सांडले असते तर, असे तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्याच्या लोकांनी त्याच्या तोंडी हेच वाक्य घातले, यातच सारे आले. जेम्सचा अनौरस मुलगा, बर्विकचा ड्यूक, याने आठवणींत त्याच्याविषयी लिहिले आहे ते असे, की माणूस धिप्पाड, भला आणि शूर, पण अक्कल बेताची. दोन वर्षांनी सार्सफील्डची विधवा होनोरा हिच्याशी या बर्विकनेच लग्न केले.

या रानहंसांची एक झेप आपल्या देशापर्यंत पोचली आहे. २२ जानेवारी १७६० ची वांदिवाशची लढाई आपण शाळेत पाठ केली. तीत फ्रेंचांचा सेनापती होता काउंट लाली. त्याचा बाप आयर्लंड सोडून फ्रान्सला गेलेला जेम्सचा निष्ठावंत. लालीची आयरिश पलटणही तमिळ मुलखातल्या त्या रणात होती. आणि समोर इंग्रजांचा सेनापती होता सर आयर कूट, जन्माने लिमरिक परगण्याचा! एक रानहंसाचा मुलगा, दुसरा मागे राहून जिंकलेल्यांच्या घरातला. दोघांनी आपली लढाई दोन परक्या राजांसाठी, तिसऱ्याच्याच भूमीवर लढली. लाली हरला आणि १७६६ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंचांनीच त्याचे डोके उडवले.

मग सार्सफील्डचे मोल कसे करायचे? लिमरिकमध्ये १८८१ साली उभा केलेला त्याचा पुतळा आहे, बॅलिनीटीच्या रात्रीचा वीर म्हणून. मला त्याचा मोठेपणा त्या रात्रीपेक्षा फ्रेंच शिडे दिसल्यानंतरच्या दिवसांत अधिक वाटतो. समोरचा शब्द पाळील की नाही याची खात्री नसताना आपला पाळणे, याला बर्विक बेताची अक्कल म्हणाला असता. मी तसे म्हणणार नाही. आयरिशांनी तह मोडला असे दूषण पुढच्या तीनशे वर्षांत कुणाला देता आले नाही, ही त्या पराभूत समाजाची एकमेव शिल्लक होती आणि ती सार्सफील्डने राखली.

पण त्याची एक चूकही मला तितकीच मोठी वाटते. आपल्या शिपायांचे भाग्य त्याने पक्क्या कागदावर बांधून घेतले. घरी राहणाऱ्यांचे भाग्य जेत्याच्या सद्‌भावनेवर सोडले आणि सारी शस्त्रे घेऊन तो निघून गेला. कागद आपोआप पाळला जात नाही. तो रोज वाचून दाखवणारा, गळालेल्या ओळीवर बोट ठेवणारा कुणीतरी मागे उरावा लागतो. आपल्याकडेही करार होतात, आश्वासने दिली जातात, सह्यांचे फोटो छापून येतात. अशा वेळी सह्या करणाऱ्यांकडे पाहून झाले की धक्क्यावर कोण उभे आहे तेही पाहावे. होडीत जागा किती आहे, हे त्यांना आधी खरे सांगितले गेले आहे का, एवढे विचारावे. थॉमंड पुलाजवळचा तो दगड सव्वातीनशेहून अधिक वर्षे हाच प्रश्न विचारतो आहे.