आधी लॉग, मग कट

मालिकेच्या एडिटरला सीन नंबर, संवादाचे पान आणि कंटिन्युइटीच्या नोंदी मिळतात. रिअ‍ॅलिटी शोच्या एडिटरला ड्राइव्ह मिळतात. आपल्याकडच्या सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने एकच कॅमेरा चोवीस तास चालू राहिला, तर 21 लाख 60 हजार फ्रेम जमा होतात. ‘बिग बॉस मराठी’सारख्या घरात असे कॅमेरे खोलीखोलीत असतात आणि एपिसोड रोज रात्री जायचा असतो. अमेरिकेत 1971 साली लाउड कुटुंबाचे आयुष्य सात महिने टिपून ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ झाली, तिचे फुटेज सुमारे 300 तासांचे होते. 1973 मध्ये ते 12 भागांत दाखवले गेले. तो काळ फिल्मचा होता, रोल महाग होते, त्यामुळे काय टिपायचे याचा विचार कॅमेऱ्यामागेच होत असे. आता कार्ड स्वस्त आहेत आणि ‘चालू ठेव, एडिटवर बघू’ हे वाक्य प्रत्येक युनिटमध्ये ऐकू येते. एडिटवर नेमके कोण बघणार आणि किती दिवसांत, याची तरतूद मात्र बजेटमध्ये क्वचितच असते.

आपल्या कामातल्या बाकीच्या अडचणी सगळ्यांना पाठ आहेत. ड्रोन 30 फ्रेमवर, मुख्य कॅमेरे 25 वर. ‘होम मिनिस्टर’सारख्या घरोघरी जाणाऱ्या कार्यक्रमात ऐन बाईटमध्ये कुकरची शिट्टी, शेजारच्या टीव्हीवर हक्क न घेतलेले गाणे, मागच्या कॅलेंडरवर कुणाची तरी जाहिरात. हे सगळे त्रासदायक आहे, पण त्यावर उपाय आहेत आणि ते आपल्याला येतात. ज्यावर एडिट टेबलवर बसून उपाय करता येत नाही, ती गोष्ट म्हणजे नसलेला लॉग.

‘किचन, भांडण’ एवढ्या नोंदीला लॉग म्हणता येत नाही. ‘दुपारी 3.42, कॅमेरा 7, चहावरून विषय निघतो, ती उत्तर अर्धे सोडते, उठत नाही’ हा लॉग झाला. यातले ‘उठत नाही’ हे शब्द ज्याला लिहावेसे वाटले, त्याला गोष्ट कळते. असा माणूस आपल्याकडे इंटर्न म्हणून घेतला जातो, रात्रपाळीला बसवला जातो आणि खर्च कमी करायची वेळ आली की सर्वांत आधी काढला जातो. शिवाय त्याची नोंद घड्याळावर चालते. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांचा आणि साउंड रेकॉर्डरचा टाइमकोड एकदा जुळवला आणि नंतर कुणी फिरकलेच नाही, तर संध्याकाळपर्यंत यंत्रे काही फ्रेमनी एकमेकांपासून सरकतात. एखाद्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना घड्याळ शून्यावर गेले, तर चांगला लॉगही निरुपयोगी होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर टाइमकोड पुन्हा जुळवायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ युनिटकडे हक्काने मागितलाच पाहिजे.

बोलणे आपोआप उतरवून देणारी सॉफ्टवेअर आल्यावर लॉगरची गरज संपली, असे निर्माते म्हणू लागले आहेत. ही सॉफ्टवेअर उपयोगी आहेत, आम्हीही वापरतो. पण अर्धे वाक्य मराठी, अर्धे हिंदी, मध्येच वऱ्हाडी किंवा मालवणी, त्यावर दोघे एकदम बोलणारे, असे ध्वनिमुद्रण आले की तो मजकूर भरवशाचा राहत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की शांतता त्यात उतरत नाही. सासूने सुनेकडे न बघता पुढे केलेली ताटली त्या मजकुरात रिकामी जागा असते, आणि कित्येकदा एपिसोड त्या रिकाम्या जागेतच असतो.

लॉग नसला की पुढे काय होते, हे आपण सगळे जाणतो. हवे ते वाक्य सापडत नाही. ते कुठेतरी आहे, स्पर्धक ते बोललेला आहे, पण चॅनेलला एपिसोड सहा वाजता हवा असतो. मग तीन बाईटचे तुकडे जोडून वाक्य बनवले जाते आणि सांध्यांवर कटअवे टाकला जातो. मराठीत ही जोडाजोड विशेष धोक्याची आहे, कारण आपले वाक्य शेवटी उलगडते. ‘मी तिला माफ करणार नाही’ यातला शेवटचा शब्द गळला, तरी उरलेले वाक्य पूर्ण आणि नैसर्गिक वाटते. फक्त अर्थ उलटा झालेला असतो. घाईत, वेळ बसवताना, वाईट हेतू मनात नसतानाही हे घडू शकते. वाक्याच्या मध्यावर आवाज चढलेला असतो आणि क्रियापदावर उतरतो, हे कानाला ठाऊक असलेल्या एडिटरला खोटा सांधा लगेच ऐकू येतो. प्रेक्षकालाही तो खटकतो, जरी का ते सांगता आले नाही तरी.

क्रम बदलण्याची किंमत 2007 मध्ये बीबीसीने मोजली. ब्रिटनच्या राणीवरच्या माहितीपटाच्या प्रोमोमध्ये दोन प्रसंगांचा क्रम उलटला होता. छायाचित्रणासाठी येत असतानाचे तिचे चिडके बोलणे नंतर लावल्यामुळे ती रागावून निघून गेली, असे दिसले. चौकशीत पुढे आले, की निर्मिती संस्थेत विक्रीसाठी केलेल्या एका टेपमध्ये हा क्रम बदलला होता आणि तीच दृश्ये पुढे पत्रकारांना दाखवलेल्या प्रोमोत पोहोचली. बीबीसी वनचे नियंत्रक पीटर फिंचम यांना पद सोडावे लागले, निर्मिती संस्थेचे स्टीफन लॅम्बर्टही गेले. एडिटर म्हणून आम्हाला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्या टेपचा प्रवास. क्रम बदलला आहे ही माहिती दृश्यांबरोबर पुढे गेली नाही. आपल्या स्टुडिओत ऑफलाइनवरून प्रोमो टीमकडे रोज असेच सिक्वेन्स जातात.

क्रम बदलणे किंवा वाक्य आवळणे यांना आमचा सरसकट विरोध नाही. त्याशिवाय तासाभराचा एपिसोड होणार नाही. बोलणाऱ्याने स्वतः पाहिले तर ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे तो म्हणेल का, ही आमची कसोटी आहे. आणि ती लावायला मूळ बाईट दोन मिनिटांत सापडावा लागतो. म्हणून पुढच्या कामाचा करार करताना एडिटचे दिवस ठरवण्याआधी लॉगिंगचे दिवस लिहून घ्या, लॉगरला श्रेयनामावलीत जागा मागा. टाइमलाइनवर जोडलेल्या बाईटला एक रंग, जागा बदललेल्या रिअ‍ॅक्शनला दुसरा रंग, हा नियम पूर्ण टीमसाठी ठरवा आणि सिक्वेन्स प्रोमोकडे देताना ते रंग काढू नका, सोबत मूळ टाइमकोडची यादी द्या. रात्री दोन वाजता प्रोमो कापणाऱ्या मुलाला फोन करून विचारायला कुणी जागे नसते. त्याच्या हाती ती यादी असायला हवी.