दुवा असू द्या, दवाही द्या

आपल्या हिंगोली भागात घरातलं कुणी एकटंच बडबडू लागलं, रात्र-रात्र जागू लागलं, की पहिला शब्द निघतो, "बाहेरचं झालंय!" मग कुणीतरी सुचवतं, सैलानीला घेऊन जा. बुलढाणा जिल्ह्यातला हा दर्गा. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू आणि मुसलमान, दोघंही आपापला रोगी घेऊन तिथे जातात.

शिकलेली मंडळी याला अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मला एवढं सोपं वाटत नाही. ज्याला गावानं 'येडं' ठरवून टाळलं, त्याला दर्ग्याच्या आवारात कुणी हाकलत नाही. दुःख एकच असलं की शेजारी बसलेल्याचा धर्म आठवत नाही. ही माणुसकी खरी आहे आणि आजच्या दिवसांत तर ती जपायलाच हवी.

पण नुसत्या मायेनं मनाचा आजार बरा होत नाही, हेही तितकंच खरं. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याची एक खासगी जागा होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे आग लागली. साखळदंडानं बांधलेली माणसं पळणार कुठे? २८ जीव गेले. पुढे मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली.

मग दर्गे, देवस्थानं बंद करायची का? मुळीच नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ साली 'दवा आणि दुवा' असा उपक्रम सुरू झाला. मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुवा देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. मुजावरानं सांगितलं की घरचे ऐकतात, हे त्यातलं मर्म! आपण शंभर व्याख्यानं दिली तरी तेवढं होणार नाही.

जिथे जिथे असे रोगी येतात, त्या प्रत्येक दर्ग्यात आणि देवळात हे व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर आपल्या नात्यागोत्यात कुणी असेल तर एवढं करा. दोरा बांधायचा तर खुशाल बांधा, पण गोळी चुकवू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

दुवा कुणाच्याही हातून मिळो, ती घेऊन दवाखान्यापर्यंत मात्र आपल्यालाच पोचवायचं आहे.