मराठीसाठी कोणते बटण दाबायचे?

आमच्या गल्लीत एक काकू राहतात. वय 75 च्या पुढे. काका गेल्यानंतर त्यांच्या फॅमिली पेन्शनवर घर चालते. गेल्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी बसमधून उतरताना त्यांची पर्स गेली. पर्समध्ये एटीएम कार्ड होते आणि वयस्कर माणसे हमखास करतात तसे पिन लिहिलेली चिठ्ठीही. पुण्याच्या मुलाने घेऊन दिलेल्या मोबाईलवरून त्यांनी बँकेचा टोल फ्री नंबर लावला. मराठीचा पर्याय आला, बटण दाबले, एका मुलीने नीट ऐकून घेतले आणि कार्ड विभागाला फोन जोडून दिला. तिथे पुन्हा यंत्रच बोलू लागले. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. नंतर कार्डाचे शेवटचे आकडे टाका. कार्डच चोरीला गेलेले, आकडे कुठून टाकणार? दोनदा चुकले आणि फोन कट झाला.

सोमवारी काकू माझ्या काऊंटरला आल्या तेव्हा खात्यातून दोनदा पैसे निघाले होते. "मी मराठीचंच बटण दाबलं होतं की रे!" एवढेच त्या म्हणत होत्या.

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले तर बँकेला कळवीपर्यंतचे ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. काकूंनी शनिवारीच कळवले होते. पण तक्रार क्रमांक मिळायच्या आधीच फोन तुटला. क्रमांक नाही म्हणजे कागदोपत्री कळवलेच नाही.

यात त्या मुलीचा दोष नाही. मी बी.कॉम. झालेला साधा क्लार्क, इंजिनिअर नव्हे. पण आमच्याकडे यंत्रणा बसवायला आलेल्यांना विचारून विचारून जे समजले ते सांगतो. आपला फोन कुठे न्यायचा हे एक लिहून ठेवलेली नियमावली ठरवते. नंबर कोणत्या सर्कलचा, कोणते बटण दाबले, त्या भाषेचा माणूस मोकळा आहे का, नसल्यास किती सेकंदांनी दुसऱ्या भाषेकडे ढकलायचे, अशी ती वाट असते. ही वाट कोणीतरी माणूसच टेबलाशी बसून लिहितो. त्याच्या यादीत कर्नाटक सर्कल म्हणजे कन्नड, हिंदी, इंग्रजी. बेळगाव, खानापूर, निपाणी त्याच्या नकाशावर नसतात. काकूंना मराठी मिळाली ती मुलाच्या पुण्याच्या सिमकार्डामुळे. त्यांच्या स्वतःच्या बेळगावच्या नंबरावरून तेवढीही मिळाली नसती.

मुळात नंबरावरून भाषा ओळखणे आता गैरलागू झाले आहे. 3 जुलै 2015 पासून तोच नंबर घेऊन कोणत्याही सर्कलमध्ये जाता येते. आणि ही अडचण आपल्या एकट्याची नाही. गोवा टेलिकॉममध्ये महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये मोडतो. तिथल्या कोकणी माणसाला यंत्र मराठीत बोलले, तर त्याचाही राग रास्तच म्हणावा लागेल.

दुसरी खोट दोन यंत्रणांच्या सांध्यात आहे. 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. अशा वेळी पाट्या एका दिवसात बदलतात, टेलिफोन यंत्रणा बदलत नाहीत. शिवाय कार्डाचे काम अनेकदा बाहेरच्या कंपनीकडे असते. एका यंत्रणेतून दुसरीत फोन जातो तेव्हा काही वेळा फक्त आवाज जातो. दाबलेली बटणे, सांगितलेले नाव, निवडलेली भाषा मागेच राहते. खातेवहीचे पान उलटताना मागील पानाची बाकी पुढे नेली नाही, तर आम्हा क्लार्कांना मेमो मिळतो. इथे रोज तेच घडते आणि कोणाला काही विचारले जात नाही.

उपाय अवघड आहे असेही नाही. सर्वांत सोपा म्हणजे प्रत्येक भाषेसाठी आतला वेगळा नंबर ठेवायचा. मराठीच्या नंबरावर फोन आला की पुढच्या यंत्रणेने मराठीच बोलायचे. शिवाय इंटरनेटवरून फोन जोडण्याची जी 'सिप' पद्धत आहे, तिच्या 2002 सालच्या मानकातच पसंतीची भाषा कळवण्यासाठी जागा ठेवलेली आहे. ती भरायची की नाही हे नियमावली लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि त्याला तसे सांगणारा कोणी हवा.

म्हणून आपल्या मंडळाने बँकांकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. भाषा नंबरावर नव्हे, खात्यावर नोंदवा. फोन पुढे देताना ती भाषाही पुढे द्या. आणि कार्ड हरवल्याचे पहिल्या माणसाला सांगितले, त्या क्षणीच तक्रार क्रमांक द्या. यात कन्नडला विरोध कुठेच नाही. कन्नड पहिल्या क्रमांकावर खुशाल असू दे. आपले म्हणणे चौथ्या बटणापुरते आहे.

आता थोडे आपल्याविषयी. सभेत आपण मराठीसाठी घसा कोरडा करतो आणि घरी येऊन "लवकर काम होतं" म्हणून इंग्रजीचे बटण दाबतो. प्रत्येक बटण किती वेळा दाबले गेले याचा हिशेब ठेवता येतो. ज्या भाषेला गिऱ्हाईक नाही ती पुढच्या यादीतून निघाली, तर दोष कोणाला द्यायचा? सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सुप्रीम कोर्टात गेला. त्याचा निकाल आपल्या हातात नाही. बटण मात्र आपल्या हातात आहे. जिथे मराठी मिळते तिथे ते दाबा, दोन मिनिटे जास्त थांबावे लागले तरी. जिथे मिळत नाही तिथे शाखेत मराठीत अर्ज द्या आणि पोच घ्या.

काकूंचा अर्ज मीच लिहून दिला. पैसे अजून मिळालेले नाहीत. दर महिन्याला पेन्शन काढायला आल्या की त्या काऊंटरवर विचारतात, "काय झालं रे आपल्या कागदाचं?"