चौथी चौकट

नांदेड आणि लातूर या भागांतील जुन्या गावांत महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळापाशी कोरीव शिळा उभ्या असलेल्या आढळतात. कोणी त्यांना शेंदूर फासतो, तर कोणी थकलाभागला वाटसरू त्यांना पाठ टेकून विसावा घेतो. या शिळांना वीरगळ म्हणतात. गावासाठी, गुराढोरांसाठी किंवा आपल्या राजासाठी लढताना जो पडला, त्याचे हे स्मारक होय. वीरगळावर बहुधा तीन चौकटी असतात आणि त्या खालून वर पाहावयाच्या असतात. पहिल्या चौकटीत वीर लढतो व धारातीर्थी पडतो. दुसरीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेतात. तिसरीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो. सर्वांत वर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ.

एका दगडावर एवढी मोठी कथा सांगणारा तो पाथरवट खरोखर कुशल म्हटला पाहिजे. तरीही एक गोष्ट त्या दगडावर कोठेच नाही. लढाईच्या आदल्या रात्री त्या वीराला झोप लागली होती काय? ज्याचा सोबती शेजारी कोसळला आणि जो स्वतः जिवंत घरी परतला, त्याच्या मनाचे पुढे काय झाले? ही चौथी चौकट वीरगळावर नाही. पाथरवटाला दोष देता येणार नाही, कारण कीर्ती गाणे एवढेच त्याचे काम होते. परंतु चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. चित्रपटाला आवाज आहे, हालचाल आहे, माणसाचा चेहरा अगदी जवळून दाखविण्याची शक्ती आहे. तेव्हा त्याने चौथी चौकट दाखविलीच पाहिजे.

पुष्कळसे युद्धपट मात्र पहिल्या तीन चौकटींतच रमतात. शत्रू चाल करून येतो, नायक गर्जना करतो, तोफा धडाडतात, शेवटी ध्वज फडकतो आणि चित्रपटगृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. शौर्याला टाळी मिळावी, यात वावगे काहीच नाही. पण असा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मुलाला युद्ध म्हणजे एक मोठी कुस्ती वाटू लागते, आणि सैनिक म्हणजे भीती, भूक व दुःख ठाऊक नसलेला पुतळा वाटू लागतो. हा समज सैनिकावरच अन्याय करणारा आहे.

लातूर जिल्ह्यातील उदगीरचेच उदाहरण घ्यावे. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीरच्या मोहिमेत निजामाचा पराभव केला. त्याच फौजेतील कित्येक शिपाई पुढे हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारून पानिपतास पोचले. तेथे रसद तुटली, उपासमार सोसावी लागली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी सर्वनाश झाला. आशुतोष गोवारीकर यांच्या 2019 सालच्या 'पानिपत' या चित्रपटाचा आरंभ उदगीरच्या विजयानेच होतो. भव्य सेना, तोफा, हत्ती हे सारे त्यात डोळे दिपविणारे आहे. परंतु उदगीरला जो हसत होता आणि पानिपतावरून जो एकटाच माघारी आला, त्या साध्या शिपायाच्या मनात काय उरले, हे सांगण्यास त्या भव्यतेत जागा उरत नाही. मराठी भाषेने मात्र ते जपले आहे. आजही एखाद्याचा पुरता नाश झाला की 'त्याचे पानिपत झाले' असे म्हणतात. अडीचशे वर्षे उलटून गेली, तरी ती जखम बोलण्यातून डोकावतेच.

चौथी चौकट दाखविणारे चित्रपट नाहीत असे मात्र नाही. चेतन आनंद यांचा 'हकीकत' हा चित्रपट 1964 साली आला, 1962 च्या चीन युद्धानंतर दोनच वर्षांनी. लडाखच्या बर्फात माघार घेणारी जवानांची एक तुकडी त्यात आहे. ते जवान थंडीने गारठतात, थकतात, घरच्या आठवणीने व्याकूळ होतात आणि तरीही लढतात. त्यांचे अश्रू पाहून त्यांच्याविषयीचा आदर तिळमात्र कमी होत नाही, उलट तो वाढतो.

त्याहून जुना चित्रपट म्हणजे 1930 चा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. ज्या कादंबरीवरून तो निघाला, तिचा लेखक एरिक मारिया रेमार्क हा पहिल्या महायुद्धात स्वतः सैनिक होता. गुरुजींच्या आवेशपूर्ण भाषणाने भारावून पॉल नावाचा जर्मन विद्यार्थी सैन्यात जातो. एका खड्ड्यात तो फ्रेंच सैनिकाला भोसकतो, आणि मग रात्रभर त्या मरणाऱ्या शत्रूला पाणी पाजतो व त्याची क्षमा मागतो. पुढे रजेवर आल्यावर तो आपल्या जुन्या वर्गात जाऊन युद्धाचे खरे स्वरूप सांगतो, तेव्हा मुले त्याला भित्रा म्हणतात. तो शब्द गोळीहून खोल लागला असेल.

असा मनाचा घाव ओळखण्यास जगाला फार वेळ लागला. 1915 च्या सुमारास डॉक्टरांनी त्याला 'शेल शॉक' हे नाव दिले. तरीही त्या महायुद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील कित्येकांचे मन घायाळ झाले होते. त्यांना माफी मिळाली ती 2006 साली! मनाला घाव बसतो म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळे सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गाडली गेली. धरणी स्थिर झाल्यावरही कित्येकांना छपराखाली झोप लागेना. ती माणसे भित्री नव्हती. सैनिकाचेही असेच असते.

सैनिकाचे दुःख दाखविले तर देशाचे धैर्य खचेल, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाचे उत्तर महाभारतात आहे. व्यासांनी अर्जुनाचा पराक्रम गाइला, पण रणांगणावर त्याचे अंग कापले आणि गांडीव हातून गळाले, हेही लपविले नाही. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य गोड लागेना, हेही त्यांनी सांगितले. म्हणून अर्जुन लहान ठरला नाही. ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्या धैर्याचे मोल ते काय? भीती वाटत असूनही जो आपल्या जागेवरून हलत नाही, तो खरा शूर.

गावोगावी जवान रजेवर घरी येतात. मुले भोवती जमतात आणि विचारतात, "काका, तुम्ही किती शत्रू मारले?" हा प्रश्न तीन चौकटींचा आहे. "काका, तिकडे घरची आठवण येते का?" हा चौथ्या चौकटीचा प्रश्न आहे. काका बोलले तर शांतपणे ऐकावे. न बोलले तर त्यांच्याजवळ नुसते बसावे. दिवाळीत फटाका वाजताच एखादा जवान दचकला, तर त्याला हसू नये. जो चित्रपट मुलांना एवढे शिकवील, तोच खऱ्या अर्थाने आजचा वीरगळ होय.