जुनी गाडी, नवी हौस आणि आमचे हितचिंतक

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गुडघ्याला पट्टा आणला तर घरात कौतुक होते. तीर्थयात्रेच्या बसचे तिकीट काढले तरी होते. पण त्याने एक जुनी मोटरसायकल देऊन दुसरी जुनी मोटरसायकल घेतली, की सगळ्या गोतावळ्याला एकदम काळजीचा झटका येतो. गेल्या पंधरवड्यात मी थंडरबर्ड ३५० विकून हिमालयन ४११ घेतली, तीही वापरलेलीच. तेव्हापासून फोन वाजतो आहे. "होती ती काय वाईट होती?", "जुनीच का?" आणि अर्थातच "या वयात?" मंडळी, तिन्ही प्रश्नांचा इथे एकदाच समाचार घेतो.

होती ती काहीच वाईट नव्हती. २० लिटरची टाकी आणि सरळ हमरस्ता असला की दिवसभर तक्रार नाही. पण तिच्यावर पाय पुढे सोडून आरामात बसायचे, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा हिशेब थेट मणक्याकडे जातो. आमच्या वाटा ताम्हिणीच्या आणि वरंध घाटाच्या. तिथे जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच पोट आणि पुढे २१ इंची चाक असलेली गाडी बरी. खड्डा दिसला की पायावर उभे राहता येते. म्हणजे म्हातारपणाचा विचार केला म्हणूनच गाडी बदलली, हे कोणी लक्षात घेईल तर शपथ!

आणि समजा, केवळ हौस म्हणून बदलली असती तर? जन्मभर मास्तरकी केली. दर जूनला नवा वर्ग समोर आला की पोटात थोडा गोळा येई. ज्याचा तो गोळा नाहीसा झाला आणि जो पिवळ्या पडलेल्या टिपणांवर वर्षे काढू लागला, तो मास्तर पोरांनी तेव्हाच ओळखलेला असे. गाडी बदलली की पहिले काही दिवस हातापायांना पुन्हा शिशुवर्गात बसावे लागते. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती दाबायचा, वळायला किती जागा लागते, सगळे नव्याने. ते दिवस रिकाम्या रस्त्यावर, पहाटे घालवावेत, हे खरे. पण या उत्साहाला पोरकटपणा म्हणणाऱ्यांनी तो लक्षपूर्वक शिकण्याचाच दुसरा प्रकार आहे, हे समजून घ्यावे.

आता जुनीच का? एक म्हणजे ही हवेवर थंड होणारी साधी ४११ कंपनीने २०२३ साली बंद केली आणि तिच्या जागी पाण्यावर थंड होणारी ४५० आणली. मला साधीच हवी होती, ती जुन्या बाजारातच मिळणार. दुसरे म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे. पेन्शनीतल्या माणसाने हौसेवर एवढा कर का भरावा?

पण खरे कारण वेगळे. नवी गाडी घ्यायला सही करता आली तरी पुरते. जुनी घ्यायला अभ्यास लागतो. २०१६ च्या हिमालयनला कार्ब्युरेटर, २०१७ ला फ्युएल इंजेक्शन आले, २०१८ ला एबीएस, आणि २०२० च्या बीएस-६ गाडीत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय. वर्ष ठाऊक नसेल तर तुम्ही गाडी नाही, रंग विकत घेता. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, त्या टायरवर घाट उतरू नये. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर चहा पिऊन परत यावे.

आणि कागद! "स्टॅम्प पेपर केलाय, नाव नंतर लावू" म्हणणाऱ्यांबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही. फॉर्म २९ आणि ३० कशासाठी असतात? राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे, असा कायदा आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. तुमच्या आळसापायी कुणा परक्याच्या दारात नोटीस जाते. माझ्या वयाची काळजी करणाऱ्या काही तरुण नातलगांच्या गाड्या अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहेत, हे नम्रपणे नमूद करतो.

राहिला शेवटचा प्रश्न, या वयात? पंचावन्नीनंतर लायसन्सचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि डॉक्टरचा दाखला लागतो. हे योग्यच आहे. माझी स्वतःची परीक्षा याहून कडक आहे. जवळजवळ दोनशे किलोची गाडी स्टँडवरून सरळ करून, थोड्या चढावर मागे ढकलता आली पाहिजे. डोळे दरवर्षी तपासायचे. रात्री घाट नाही. ज्या दिवशी यातले एक जमणार नाही, त्या दिवशी किल्ली खाली. पण ही परीक्षा तिशीतल्यांनीही द्यावी. एका हातात मोबाईल धरून चालवणाऱ्या पुतण्याला कोणी "या वयात?" असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने फक्त आवरते घ्यायचे असते. मृत्युपत्र कर, कपाट रिकामे कर, "आता काय उरलंय" असे म्हण, की सगळे समाधानी. त्याला पुढच्या पावसाळ्याचा एखादा बेत असावा, जुलैत आंबोली गाठायची म्हणून त्याने साखळीला वंगण घालत बसावे, हे बघवत नाही. काळजीच्या नावाखाली आम्हाला इच्छा सोडायला शिकवले जाते, आणि ते शिकवणारे आपलेच असतात म्हणून उलट बोलता येत नाही. मी बोलतो आहे.

काळजी खरीच असेल तर नेमके विचारा. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे का, डोळे कधी तपासले, टायर कोणत्या सालचे. या प्रत्येकाचे उत्तर देईन, आनंदाने देईन. "या वयात?" एवढाच प्रश्न असेल तर मात्र फोन उचलला जाणार नाही. गाडी चालवताना मी तो घेत नाही.